सूर्य, किब्ला आणि परवानगी : मुस्लिम समाजातील माणसे आणि वास्तू टिपताना

मशिदी, मदरसे, दर्गे आणि त्यांच्या आजूबाजूचे बाजार टिपायला निघालेला छायाचित्रकार लेन्स, बॅटऱ्या आणि मेमरी कार्डांची तयारी काटेकोरपणे करतो. पण त्या शहरातल्या नमाजाच्या वेळा मात्र क्वचितच पाहून ठेवतो. माझ्या मते तयारीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. पाचही नमाजांच्या वेळा सूर्यावरून ठरतात आणि आपला प्रकाशही सूर्यावरूनच ठरतो. त्यामुळे ज्या वेळी आपल्याला सर्वांत सुंदर प्रकाश मिळतो, नेमक्या त्याच वेळी समोरची माणसे प्रार्थनेत असतात. हा पेच ज्याला आधीच कळतो, त्याचा दिवस सुरळीत जातो आणि त्याच्यामुळे कुणाच्या इबादतीतही व्यत्यय येत नाही.

पहिली पायरी : दिवसाची आखणी

फजरची नमाज पहाटेची पहिली उजेडरेषा दिसल्यापासून सूर्योदयापर्यंत असते, म्हणजे आकाश गडद निळे असते ती वेळ फजरचीच. सूर्य माथ्यावरून ढळला की जोहर सुरू होते. तेव्हाचे ऊन कडक असते आणि बाहेरच्या छायाचित्रांसाठी ते फारसे कामाचे नसते. असरची वेळ सावलीवरून मोजतात. मध्यान्हीची सावली वजा करून वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की असर सुरू होते, आणि हनफी या सुन्नी विधिपंथाच्या मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. छायाचित्रकाराच्या भाषेत सांगायचे तर असरची अजान म्हणजे ऊन तिरपे होऊ लागल्याची वर्दी. मगरिब सूर्यास्त होताच आणि इशा संधिप्रकाश पूर्ण विझल्यावर. शुक्रवारी जोहरच्या जागी जुम्म्याची सामुदायिक नमाज आणि खुतबा म्हणजे प्रवचन असते, म्हणून त्या दुपारी मोठ्या मशिदी पाहुण्यांना बंद असतात, असेच धरून चालावे.

यावरून दिवस असा लावता येतो. फजरच्या सुमारास मशिदीच्या आत न जाता दूरवरून, एखाद्या गच्चीवरून किंवा नदीच्या पलीकडून घुमट आणि मिनारांच्या आकृत्या टिपाव्यात. सूर्योदयानंतर जोहरपर्यंतचा मोठा वेळ मशिदीच्या आतल्या कामासाठी ठेवावा, कारण या वेळेत आत गर्दी सर्वांत कमी असते. भर दुपारी छत असलेल्या बाजारात शिरावे. असर आटोपल्यावर पुन्हा अंगणात यावे आणि मगरिबच्या आधी बाहेर पडून समोरच्या चौकात थांबावे. इस्लामी वर्ष चांद्र असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. त्यामुळे गेल्या वेळच्या रमजानातला सायंप्रकाश या वेळी तसाच मिळेल असे गृहीत धरू नये.

दुसरी पायरी : किब्ला पाहा, प्रकाश कळेल

प्रत्येक मशीद मक्केतल्या काबागृहाच्या दिशेने, म्हणजे किब्ल्याकडे, तोंड करून बांधलेली असते. ती दिशा नकाशावर आधी पाहून ठेवली की इमारतीच्या कोणत्या बाजूवर केव्हा ऊन येणार, हे हॉटेलात बसूनच ठरवता येते. महाराष्ट्रात किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. मिहराबाची, म्हणजे किब्ला दाखवणाऱ्या कोनाड्याची, भिंत पश्चिमेला असल्याने आपल्याकडच्या मशिदींचे दर्शनी तोंड साधारणतः पूर्वेकडे असते आणि त्यावर सकाळचे ऊन येते. हाच अंदाज घेऊन कुणी इस्तंबूलला गेला तर फसेल. तिथे किब्ला आग्नेयेकडे आहे आणि अंगण वायव्येला. सुलेमानिये मशिदीच्या अंगणाकडच्या बाजूवर उन्हाळ्यात संध्याकाळी तिरपे ऊन येते आणि हिवाळ्यात ती बाजू सावलीतच राहते. सकाळी मात्र आग्नेयेकडच्या किब्ला भिंतीतल्या रंगीत काचांतून ऊन आत उतरते, म्हणून ती मशीद आतून टिपायची असेल तर सकाळच गाठावी.

उझबेकिस्तानातल्या समरकंदचा रेगिस्तान चौक हे या हिशेबाचे सर्वांत सोपे उदाहरण आहे. या चौकाभोवती तीन मदरसे उभे आहेत. पश्चिमेकडचा उलुगबेगचा मदरसा (१४१७ ते १४२०) पूर्वेकडे तोंड करून आहे, तेव्हा तो सकाळी टिपावा. पूर्वेकडचा शेरदोर (१६१९ ते १६३६) दुपारनंतर उजळतो. आणि उत्तरेकडच्या तिल्लाकारीचे तोंड दक्षिणेला असल्याने थंडीच्या दिवसांत त्यावर जवळजवळ दिवसभर ऊन असते. एकाच फेरीत तिन्ही उरकू पाहणाऱ्याच्या हाती एक चांगले आणि दोन सपाट छायाचित्रे लागतात.

इराणमधल्या इस्फहानमध्ये हाच प्रश्न स्थापत्यकारांनीच सोडवून ठेवला आहे. नक्श-ए-जहाँ चौक उत्तर-दक्षिण आहे आणि किब्ला नैर्ऋत्येला. म्हणून शाह मशिदीचा दरवाजा चौकाशी समांतर ठेवून आतली मशीद सुमारे ४५ अंशांनी वळवली आहे. दरवाजा उत्तराभिमुख असल्याने तो दिवसाचा बराच काळ सावलीत असतो. नवखा छायाचित्रकार यावर हळहळतो. पण निळ्या टाइल्सचा खरा रंग सावलीतल्या समान प्रकाशातच येतो, उन्हात त्या चकाकतात आणि नक्षी पुसली जाते. चौकाच्या पूर्वेकडची शेख लुत्फुल्लाह मशीद पश्चिमाभिमुख आहे आणि तिचा मातकट पिवळसर घुमट सूर्यास्तापूर्वी तांबूस होतो. त्यासाठी समोरच्या आली कापू महालाच्या सज्ज्यावर वेळेआधी जाऊन उभे राहावे.

तिसरी पायरी : प्रवेशाचे नियम आधीच जाणून घेणे

‘मशिदीत जाता येते का?’ या प्रश्नाला जगभर एकच उत्तर नाही. तुर्कस्तानात नमाजाच्या वेळा सोडून बहुतेक ऐतिहासिक मशिदी सर्वांना खुल्या असतात. मोरोक्कोत मात्र बिगरमुस्लिमांना मशिदींमध्ये सहसा प्रवेश नाही; कासाब्लांकाची १९९३ साली पूर्ण झालेली, २०० मीटरहून उंच मिनाराची हसन दुसरे मशीद हा त्याला ठळक अपवाद, आणि तीही ठरलेल्या फेऱ्यांमध्ये मार्गदर्शकासोबतच पाहता येते. मोरोक्कोतले कोरीव लाकूड, गचकाम आणि झेलिज, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या नक्षीच्या टाइल्स टिपायच्या असतील तर फेजचा बू इनानिया किंवा माराकेशचा बेन यूसुफ मदरसा गाठावा. अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीत पोशाखाचे नियम काटेकोर आहेत. दुबईत राहणाऱ्या मराठी मंडळींना जुमेरा मशिदीची मार्गदर्शित फेरी हा सुरुवात करण्याचा चांगला मार्ग आहे. मक्केत बिगरमुस्लिमांना प्रवेशच नाही, हा विषय तिथेच संपतो.

मालीतल्या जेन्ने गावची मातीची मशीद तर छायाचित्रकारांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. आजची इमारत १९०७ सालची, भिंतींतून ताडाच्या लाकडाच्या ओंडक्यांची टोके बाहेर आलेली. दरवर्षी सारे गाव मिळून तिला चिखलाचे लिंपण करते, तेव्हा याच ओंडक्यांवर पाय ठेवून माणसे वर चढतात. १९९६ साली एका फॅशन मासिकाने तिच्या आत चित्रीकरण केले, गाव दुखावले गेले आणि त्यानंतर बिगरमुस्लिमांना आत जाण्यास बंदी झाली. एका पथकाच्या बेपर्वाईची किंमत त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला मोजावी लागली. आपण आत जातो तेव्हा आपल्यामागून येणाऱ्यांचा प्रवेशही आपल्याच वागण्यावर अवलंबून असतो.

पोशाखाबद्दल थोडक्यात सांगायचे तर खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, स्त्रियांनी डोके झाकायला ओढणी किंवा स्कार्फ सोबत ठेवावा आणि मोजे स्वच्छ असावेत. चपला-बूट ठेवायला कापडी पिशवी जवळ बाळगली की दुसऱ्या दाराने बाहेर पडता येते, आणि मोठ्या मशिदीत ही सोय फार उपयोगी पडते. ट्रायपॉड बहुतेक ठिकाणी नाकारतात. ड्रोन मोरोक्को आणि इजिप्तमध्ये पूर्वपरवानगीशिवाय नेऊच नये, विमानतळावरच जप्त होतो. पोलीस, लष्कर आणि तपासणी नाक्यांकडे कॅमेरा वळवू नये.

चौथी पायरी : आतल्या अंधाराशी जुळवून घेणे

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटे कॅमेरा पिशवीतच ठेवावा. डोळे अंधाराला सरावतात आणि आपण कोण, कशासाठी आलो, हे तिथल्या लोकांनाही पाहता येते. सुलेमानियेत मी असरच्या नमाजाच्या वेळी मागच्या कठड्याबाहेर कॅमेरा बंद करून मांडीवर ठेवून बसलो होतो. नमाज संपल्यावर जपमाळ हातात असलेले एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले, बंद लेन्सकडे त्यांनी एक नजर टाकली आणि मला खुणेने प्रवेशदाराच्या वरच्या बाजूकडे बघायला सांगितले. मशिदीचा वास्तुकार सिनान याने हवेचा झोत असा खेळवला की हजारो दिव्यांची काजळी तिथल्या एका खोलीत जमा व्हावी आणि तिची शाई बनावी, असे सांगितले जाते. त्या वृद्ध गृहस्थांनी बोट नाकाशी नेऊन काजळीची आणि मग हवेत लिहिण्याची खूण केली. १५५७ साली पूर्ण झालेल्या त्या वास्तूचे मी त्या दिवशी जे चित्र काढले, त्यात घुमट आहेच, पण चौकटीचा आधार ते दार आहे. ते दाखवणारे कुणी भेटले नसते तर मी कॅमेरा फक्त वरच रोखला असता.

आता तंत्राकडे येऊ. फ्लॅश बंद ठेवावा, ऑटोफोकसचा नारिंगी दिवाही बंद करावा. रॉ फाईलमध्ये चित्रण करावे आणि आयएसओ १६०० ते ६४०० पर्यंत न्यायला कचरू नये. हाताने धरलेल्या वाइड लेन्सवर १/३० शटर भिंतीला किंवा खांबाला टेकून सहज जमते. मुख्य अडचण दिव्यांची येते. तुर्कस्तान, इराण, इजिप्त, उझबेकिस्तान आणि भारत या सर्व ठिकाणी विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. त्यामुळे झुंबरातले काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर वापरल्यास चित्रावर आडवे पट्टे उमटतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवून एक चाचणी छायाचित्र मोठे करून पाहावे. पट्टे गेले नाहीत तर आवाज करणारा यांत्रिक शटर वापरावा, पण तो नमाजाच्या वेळी कधीही नाही.

घुमट सरळ मध्यातून टिपायचा असेल तर घुमटाच्या केंद्राखाली उताणा ठेवलेला कॅमेरा आणि दहा सेकंदांचा टायमर, एवढे पुरते. कॅमेऱ्याखाली स्वच्छ रुमाल घालावा, कारण त्या गालिच्यावर लोक कपाळ टेकतात. उभ्या भिंती टिपताना कॅमेरा वर झुकवला की मिनार मागे कलंडल्यासारखे दिसतात. कॅमेरा पातळीत धरून मागे सरकावे आणि खालची अधिकची जमीन नंतर कापावी. टाइल्सवरची चकाकी पोलरायझर फिल्टरने कमी होते, मात्र भिंतीशी तिरपे उभे राहिलात तरच. सोन्याच्या मुलाम्यावर तो चालत नाही. टाइल्सचा सराव करायला इस्तंबूलच्या मसाला बाजाराजवळची रुस्तम पाशा मशीद निवडावी. ती दुकानांच्या वर बांधलेली आहे, लहान आहे आणि तिच्या इझनिक टाइल्सवरचा लाल रंग हाताने स्पर्श करता येईल इतक्या जवळून दिसतो. स्पर्श मात्र करू नये.

काही ठिकाणी प्रकाश हाच विषय असतो. शिराजची नासिर-उल-मुल्क मशीद १८८८ साली पूर्ण झाली; तिच्या रंगीत काचांतले ऊन सकाळी गालिच्यांवर पडते आणि थंडीत सूर्य खाली असल्याने ते अधिक खोलवर जाते. शेख लुत्फुल्लाह मशिदीत अंधाऱ्या, वळणाच्या बोळातून घुमटाखाली आलात की उंबऱ्याजवळच थांबून वर पाहावे. घुमटाच्या मध्यावरची मोराची आकृती आणि खिडकीतून येणारा प्रकाशाचा झोत एका रेषेत आले की तो झोत मोराचा पिसारा होतो. इथे ऑटो एक्स्पोजरवर विसंबू नये. प्रकाशाच्या पट्ट्यावर मोजमाप घ्यावे आणि बाकीचे अंधारात जाऊ द्यावे.

पाचवी पायरी : माणसे

इथे घाई केली की सगळे बिघडते, म्हणून याविषयी सविस्तर लिहितो. सजीवांच्या चित्रांविषयी मुस्लिम समाजात एकमत नाही. शेरदोर मदरशाच्या दरवाजावर पाठीवर मानवी चेहऱ्याचा सूर्य घेतलेले वाघ-सिंह आहेत. दुसरीकडे स्वतःचे छायाचित्र काढू न देणारी श्रद्धाळू माणसेही आहेत. दोन्ही त्याच परंपरेतली आहेत. समोरचा माणूस कोणत्या मताचा आहे, हे त्याच्या दाढीवरून किंवा तिच्या हिजाबवरून आपल्याला कळत नाही, ते विचारूनच कळते. संयुक्त अरब अमिरातीत तर संमतीशिवाय दुसऱ्याचे छायाचित्र काढणे कायद्यानेच गुन्हा आहे.

विचारण्याची माझी पद्धत अशी आहे. आधी ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणावे, उजवा हात छातीवर ठेवावा आणि उत्तर येईपर्यंत कॅमेरा उचलू नये. मग त्या माणसाच्या कामाविषयी काही विचारावे किंवा त्याच्याकडून काही विकत घ्यावे. नंतर कॅमेऱ्याकडे बोट दाखवून भुवया उंचवाव्यात. भाषा येत नसली तरी एवढे पुरते. मान हलली, हात आडवा झाला किंवा नजर दुसरीकडे वळली तरी तो नकारच समजावा. पुन्हा विनवू नये, दुरून लांब लेन्सने तर मुळीच टिपू नये.

समरकंदच्या सियाब बाजारात हातगाड्यांवर नान रचून विकतात. तिथे त्याला ‘नॉन’ म्हणतात, मध्यभागी ठशाने नक्षी टोचलेली असते आणि कडा फुगीर, तकतकीत. एका मध्यमवयीन बाईंकडून मी दोन नान घेतले आणि कॅमेऱ्याकडे खूण केली. त्यांनी चेहऱ्यासमोर तळहात आडवा धरला. मी आभार मानून निघालो, तर त्यांनी मागून हाक मारली, दोन्ही हातांनी एक नान उचलून पुढे धरला आणि हातांकडे बोट दाखवले. चेहरा नाही, हात घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. पिठाने भेगाळलेली बोटे, नानावरचा टोचणीचा गोल आणि मागे रचलेली चवड, हे चित्र मला त्यांच्या चेहऱ्याच्या कुठल्याही चित्रापेक्षा प्रिय आहे. नकारातही अनेकदा एखादी वाट असते. पण ती समोरच्याने दाखवावी लागते.

स्त्रियांचे छायाचित्र घ्यायचे असेल तर त्यांच्याशीच बोलावे, त्यांच्यासोबतच्या पुरुषाशी परस्पर ठरवू नये. मात्र जिथे कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांना विचारण्याची रीत आहे तिथे दोघांचाही होकार घ्यावा. स्त्री छायाचित्रकारांना घरांत आणि स्त्रियांच्या नमाजाच्या दालनात प्रवेश मिळतो, पण तिथे काढलेली चित्रे कुठे दिसणार आहेत, हे स्पष्ट सांगायला हवे. बायका आपसांत ज्या मोकळेपणाने बसलेल्या असतात तो मोकळेपणा इंटरनेटसाठी दिलेला नसतो. मुलांसाठी पालकांची परवानगी घ्यावी. माराकेशच्या जमा-अल-फना चौकातले कलावंत छायाचित्राचे पैसे घेतात. तो त्यांचा व्यवसाय आहे, रक्कम आधी ठरवावी.

सजद्यात, म्हणजे कपाळ जमिनीला टेकून, असलेल्या माणसासमोर उभे राहू नये आणि नमाज पढणाऱ्याच्या पुढून जाऊ नये. दर्ग्यात मजारीजवळ कॅमेरा काढण्यापूर्वी मुजावरांना विचारावे. मी एका दर्ग्यात जाळीला डोके टेकून रडणाऱ्या माणसाचे छायाचित्र काढले होते. प्रकाश अप्रतिम होता. पण घरी मोठ्या पडद्यावर पाहताना त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे मला बघवेना आणि मी ते पुसून टाकले. जनाजा, दफन आणि मोहरमचा मातम यांच्या बाबतीत कुटुंबाने किंवा आयोजकांनी बोलावल्याशिवाय कॅमेरा उचलू नये, असा नियम मी त्यानंतर स्वतःला घातला आहे.

रमजानात दिवसा बाजारात फिरताना समोर पाणीही पिऊ नये. इफ्तारच्या वेळी लोक तुम्हाला पंगतीत बसवतील. बसावे, खजूर घ्यावा, पहिला घास सर्वांबरोबर खावा. कॅमेरा नंतर. पहिल्या घासाचे चित्र हवे असेल तर यजमानाला अजानच्या आधी विचारून ठेवावे.

सहावी पायरी : आधी घराजवळ सराव

इस्फहानचे तिकीट काढण्यापूर्वी हे सारे आपल्याकडे करून पाहता येते. मुंबईच्या हाजी अलीला जाताना सूर्यासोबत भरतीचे वेळापत्रकही पाहावे लागते, कारण मोठ्या भरतीत दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा दक्षिणेकडे तोंड करून आहे, तेव्हा हिवाळ्याची सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही तिथे घालवावीत आणि एकाच चौथऱ्यावर प्रकाश कसा सरकतो ते पाहावे. गोव्यात फोंड्याची १५६० सालची साफा मशीद आणि तिच्या शेजारचे दगडी तळे हे प्रतिबिंबांच्या सरावाला उत्तम आहे. आपल्याच गावातल्या मोहल्ल्यात तांबट, बेकरीवाले, शिवणकाम करणारे असतील तर महिनाभर त्यांच्याकडे जात राहावे. इस्फहानच्या बाजारातल्या तांब्याच्या ठोक्यांचे चित्र काढण्याआधी आपल्या गावच्या तांबटाच्या हातोडीला किती शटर स्पीड लागतो, हे माहीत असावे. माझ्या अनुभवात १/६० वर हातोडी धूसर आणि भांडे स्थिर राहते.

सातवी पायरी : निवड, मजकूर आणि परतफेड

चित्रे निवडताना बुरखा, दाढी आणि मिनाराची सावली यांचाच संच होत नाही ना, हे पाहावे. तसे झाले असेल तर आपण माणसांपर्यंत पोहोचलोच नाही. शाळेतून येणारी मुलगी, हिशेब करणारा दुकानदार, अंगणातल्या वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हात-पाय धुण्याच्या, नळाशी बाह्या वर सारणारा तरुण, हे त्यात असायला हवेत. चित्राखाली ‘गूढ’, ‘रहस्यमय’ असले शब्द टाकू नयेत. गाव, वास्तूचे नाव, बांधकामाचा काळ आणि माणूस काय करत आहे, एवढे लिहावे. नाव छापायचे असल्यास तेही विचारून घ्यावे.

छायाचित्र पाठवण्याचा शब्द दिला असेल तर तो पाळावा. मी वहीत प्रत्येक चित्राचा क्रमांक, ठिकाण आणि संपर्क त्याच संध्याकाळी लिहून ठेवतो. फोन असलेल्यांना महिनाभरात चित्र जाते. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांच्यासाठी छापील प्रत त्या बाजाराकडे निघालेल्या कुणाच्या तरी हाती देतो. सियाब बाजारातल्या त्या हातांच्या छायाचित्राची प्रत मी असाच एका प्रवाशाबरोबर पाठवली, पाकिटावर फक्त गाडीची जागा आणि नानावरच्या ठशाचे रेखाटन होते, आणि ती पोहोचली.